सोनं किती ग्रॅम, जमीन कुठल्या गटात

ज्याच्या शब्दावर साखर कारखाना, जिल्हा बँक आणि दोन-चार कॉलेजं चालतात असा माणूस निवडणुकीला उभा राहिला, की एक काम त्याला पीएवर सोपवून मोकळं होता येत नाही. नोटरीसमोर शपथेवर लिहून द्यावं लागतं की आज हातात रोख किती आहे, बायकोकडे सोनं किती ग्रॅमचं आणि किती किमतीचं आहे, गाडी कोणत्या सालातली आहे, कुठल्या बँकेचं किती देणं आहे, कुठल्या पोलीस ठाण्यात कुठल्या कलमाखाली गुन्हा दाखल आहे. गेल्या दहा वर्षांत सरकारी बंगल्यात राहिला असेल, तर तिथलं भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोनचं बिल चुकतं केल्याचा दाखलाही जोडावा लागतो. साताऱ्याचा असो की सोलापूरचा, मुख्यमंत्री असो की अनामत रक्कम जप्त होणारा अपक्ष, यातून कुणाचीच सुटका नाही.

या कागदाचं सरकारी नाव नमुना २६. अर्ज भरायला निघालेल्या मिरवणुकीचे, उघड्या जीपचे आणि गुलालाचे फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. त्या मिरवणुकीच्या शेवटी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर जे बाड पडतं, त्यातली वाचण्याजोगी चीज ही. महाराष्ट्रात २०२४च्या विधानसभा निवडणुकीला ४,१३६ उमेदवार उभे होते आणि त्यातल्या प्रत्येकाने हे लिहून दिलं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही वाचता येतं. अर्ज नको, फी नको, कशाला हवं म्हणून विचारणारं कुणी नाही. सख्ख्या भावाच्या खात्यात किती पैसे आहेत हे आपल्याला ठाऊक नसतं. आमदाराच्या खात्यात किती होते, हे मात्र ठाऊक करून घेता येतं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते शेतजमिनीच्या रकान्याचं. गाव कोणतं, सर्वे किंवा गट नंबर काय, क्षेत्र किती, वडिलोपार्जित की विकत घेतलेली. विकत घेतली असेल तर कधी, कितीला, नंतर तिच्यावर किती खर्च केला आणि आज अंदाजे बाजारभाव काय. हे रकाने ज्याने आखले त्याला आपल्याकडच्या जमिनीच्या व्यवहारांची नस नक्की माहीत होती. ‘वडिलोपार्जित’ म्हटलं की माणूस सुटतो. ‘विकत घेतली’ म्हटलं की तारीख येते, आणि तारीख आली की त्या सालचं उत्पन्न शेजारी मांडून पाहता येतं. कारण मागच्या पाच वर्षांत प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवलेलं उत्पन्न याच कागदावर चार पानं अलीकडे लिहिलेलं असतं.

हे सगळं कुणा सरकारने आपणहून दिलेलं नाही. किंबहुना, राजकीय पक्षांची एरवी कधी दिसत नाही अशी एकजूट या कागदाच्या विरोधात दिसली होती. १९९९मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्रिलोचन शास्त्री आणि जगदीप छोकर ही त्यातली ठळक नावं. वर्गात व्यवस्थापन शिकवणारे हे लोक. राजकारणाशी संबंध मतदानापुरता. मागणी साधी होती: उमेदवारावर कोणते खटले आहेत हे मतदाराला कळू द्या. ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ म्हणजे एडीआर ही संस्था त्यातूनच उभी राहिली. नोव्हेंबर २०००मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, केंद्र सरकार अपिलात गेलं, आणि २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही प्राध्यापकांचंच म्हणणं उचलून धरलं.

निकालातला युक्तिवाद आजही पुन्हा वाचावा असा आहे. माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा तेव्हा जन्मायचा होता; तो आला २००५ साली. मग मतदाराला ही माहिती मागण्याचा हक्क कुठून आला? न्यायालयाने तो राज्यघटनेच्या १९(१)(अ) या कलमात, म्हणजे अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात शोधला. मत देणं हीसुद्धा नागरिकाची अभिव्यक्तीच, आणि ज्याच्याविषयी काहीच माहीत नाही त्याच्याविषयी अभिव्यक्ती कसली करायची? बोलण्याच्या हक्कातून ऐकण्याचा हक्क काढण्याची ही किमया होती.

पुढचे दहा महिने म्हणजे निव्वळ नाट्य. जून २००२मध्ये आयोगाने आदेश काढला. जुलैत सर्वपक्षीय बैठक झाली आणि सत्तेतल्या, विरोधातल्या, डाव्या, उजव्या अशा सगळ्यांनी मिळून तो आदेश नाकारला. ऑगस्टमध्ये सरकारने वटहुकूम आणला. ए. पी. जे. अब्दुल कलाम राष्ट्रपती होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. त्यांनी तो वटहुकूम फेरविचारासाठी परत पाठवला. मंत्रिमंडळाने तो जसाच्या तसा पुन्हा धाडला, तेव्हा घटनेप्रमाणे त्यांना सही करावी लागली. मग लोकप्रतिनिधित्व कायद्यात ३३-ब हे कलम घुसवण्यात आलं. त्याचा मतलब असा, की कोणत्याही न्यायालयाने काहीही म्हटलेलं असो, या कायद्यात मागितली आहे त्यापेक्षा जास्त माहिती देण्याचं बंधन उमेदवारावर नाही. कायद्यात काय मागितलं होतं? ठरावीक गुन्ह्यांची माहिती. मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं गाळलेलं. न्यायालयाच्या निकालाला इतक्या उघडपणे फाटा देणारं कलम क्वचितच लिहिलं गेलं असेल. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं आणि त्याच महिन्यात आयोगाचा नवा आदेश निघाला.

त्यानंतरचं काम रटाळ, आणि म्हणूनच कौतुकाचं. प्रतिज्ञापत्रं म्हणजे स्कॅन केलेली पानं: कुणाची मराठीत टंकलिखित, कुणाची गुजराती हस्ताक्षरात, कुणाच्या आकड्यांवर नेमका नोटरीचा शिक्का बसलेला. एडीआरच्या माणसांनी आणि राज्याराज्यांतल्या सहकारी संस्थांनी ती वाचून, टंकून, बेरजा करून ‘मायनेता’ या संकेतस्थळावर चढवायला सुरुवात केली. आज वर्तमानपत्रात ‘इतके टक्के आमदार कोट्यधीश’ अशी चौकट छापून येते, तिच्यामागे ही वाचणारी डोकी असतात.

आता खरी गंमत. एकटं प्रतिज्ञापत्र फारसं बोलत नाही. त्यात काय लिहायचं ते उमेदवारच ठरवतो, तपासणारं कुणी समोर नसतं, छाननीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी रकाने भरलेत ना एवढंच बघतो. पण पाच वर्षांनी तोच माणूस पुन्हा उभा राहतो आणि पुन्हा शपथेवर लिहून देतो. दोन कागद शेजारी ठेवले की त्यांच्यात संवाद सुरू होतो. मागच्या वेळी असलेला भूखंड या वेळी दिसत नाही. विकला असेल तर पैसे कुठे आहेत? मागच्या वेळी नसलेली कंपनी या वेळी आहे. भांडवल कुठून आलं? एकदा खोटं लिहिणं सोपं असतं. आपण काय खोटं लिहिलं होतं ते दर पाच वर्षांनी आठवून त्याच्याशी जुळवत राहणं अवघड.

रेमंड फिस्मन, फ्लोरियन शुल्झ आणि विक्रांत विग या अर्थशास्त्रज्ञांनी या कागदांचं जे केलं ते पाहून मी थक्क झालो होतो. प्रश्न जुनाच होता: सत्तेने माणूस श्रीमंत होतो का? आमदाराची मालमत्ता वाढली म्हणून काही सिद्ध होत नाही. जमिनीचे भाव सगळ्यांचेच वाढतात, धंदा बरकतीला येऊ शकतो. मग त्यांनी तुलनेसाठी माणूस निवडला तो दुसऱ्या क्रमांकावर हरलेला. मतदारसंघ तोच, काळ तोच, बहुतेकदा ऐपतही तशीच. फरक इतकाच की एक विधानसभेत गेला आणि दुसरा घरी. पाच वर्षांनी दोघे पुन्हा उभे राहिले की दोघांचीही दोन-दोन प्रतिज्ञापत्रं हाती येतात. जमिनीचे भाव दोघांच्याही बाबतीत वाढलेले असतात, त्यामुळे ते वजाबाकीत उडून जातात. उरतो तो खुर्चीचा भाव. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तो निघाला वर्षाला सरासरी ३ ते ५ टक्के. मंत्री झालेल्यांचा त्याहून अधिक.

३ ते ५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. समजा, दोघांनी १ कोटीपासून सुरुवात केली. हरलेल्याची मालमत्ता वर्षाला १० टक्क्यांनी वाढली, जिंकलेल्याची १४ टक्क्यांनी. पाच वर्षांनी एकाकडे १ कोटी ६१ लाख, दुसऱ्याकडे १ कोटी ९३ लाख. आणि ही दोघांनी स्वतः शपथेवर सांगितलेली रक्कम आहे, हे विसरायचं नाही. जे मेहुण्याच्या नावावर गेलं ते या हिशेबात आलेलंच नाही. जी माहिती दडवायला सगळे पक्ष एकत्र आले होते, तिच्यातून, तीही खुद्द उमेदवारांच्याच हस्ताक्षरातून, हा आकडा बाहेर निघाला.

मग भ्रष्टाचार कमी झाला का? इथे आकडे आपली चांगलीच पंचाईत करतात. एडीआरच्या मोजणीनुसार, स्वतःवर फौजदारी खटले असल्याचं जाहीर करणारे लोकसभा सदस्य २००४मध्ये १२५ होते. २००९मध्ये १६२, २०१४मध्ये १८५, २०१९मध्ये २३३ आणि २०२४मध्ये २५१, म्हणजे ५४३पैकी ४६ टक्के. महाराष्ट्रात २०२४ला निवडून आलेल्या ज्या २८६ आमदारांची प्रतिज्ञापत्रं तपासली गेली, त्यांतल्या १८७ जणांनी खटले जाहीर केले आणि २७७ जण कोट्यधीश निघाले. माहिती उघडी झाली की मतदार शहाणा होईल असं ज्यांना वाटलं होतं, त्यांनी हे आकडे एकदा शांतपणे पाहावेत.

अर्थात खटला म्हणजे गुन्हा शाबीत नव्हे. रास्ता रोको केला, तहसीलवर मोर्चा नेला, जमावबंदी मोडली, तरी गुन्हे दाखल होतात. विरोधी पक्षात दहा वर्षं काढलेल्या कार्यकर्त्याचा तो रकाना लांब असणारच. म्हणून एडीआर खून, अपहरण, बलात्कार यांसारखे गंभीर गुन्हे वेगळे मोजते. पण तीही रेघ वरच चढलेली आहे. मिलन वैष्णव या अभ्यासकाने काही लोकसभा निवडणुका तपासून दाखवलं, की खटला असलेल्या उमेदवाराची जिंकण्याची शक्यता साधारण १८ टक्के आणि नसलेल्याची ६ टक्के. त्या ६ टक्क्यांत अनामत गमावणारे असंख्य अपक्ष आहेत हे धरलं, तरी फरक उरतोच. वैष्णव यांचं म्हणणं असं, की मतदार अंधारात असतो म्हणून अशांना निवडतो हे खरं नाही. पुष्कळदा तो माहिती असूनच निवडतो. पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत आपलं काम करून देणारा दणकट माणूस त्याला हवा असतो.

त्यामुळे मी तरी या कागदाकडे मतदानाच्या दिवशीचं हत्यार म्हणून पाहणं सोडून दिलं आहे. त्या दिवशी ते बोथटच असतं. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खटले असलेल्या उमेदवाराने त्यांची माहिती वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर तीनदा जाहीर करावी. त्या जाहिराती कधी पाहिल्यात? लग्नाच्या स्थळांपेक्षाही बारीक टाइपात असतात. २०२०मध्ये न्यायालय पुढे गेलं: अशा माणसाला तिकीट का दिलं ते पक्षाने ४८ तासांत जाहीर करावं, आणि ‘तो निवडून येतो’ हे कारण चालणार नाही. बिहारच्या निवडणुकीत पक्षांनी हे नीट पाळलं नाही म्हणून ऑगस्ट २०२१मध्ये दंड झाले. बऱ्याच पक्षांना १ लाख, तर माकप आणि राष्ट्रवादी काँग्रेसला प्रत्येकी ५ लाख. एका प्रचारसभेच्या मांडवाचं भाडंही याहून जास्त होत असेल.

कागदाची खरी ताकद दीर्घ काळाच्या दफ्तरात आहे, आणि ती न्यायालयांतून हळूहळू वाढत गेली. पूर्वी उमेदवार नको ते रकाने कोरे सोडायचे. सप्टेंबर २०१३च्या निकालाने ते बंद झालं. आता ‘निरंक’, ‘लागू नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असं काहीतरी लिहावंच लागतं. २०१७मध्ये प्राप्तिकर खात्याच्या केंद्रीय मंडळाने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की लोकसभेचे ७ सदस्य आणि ९८ आमदार यांच्या मालमत्तेत मोठी वाढ प्रथमदर्शनी दिसते आहे. ‘लोकप्रहरी’ या संस्थेची याचिका होती. त्या याचिकेच्या ओघात नवा रकाना आला: तुमच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या उत्पन्नाचा स्रोत काय? त्याआधी कितीतरी वर्षं आपण ‘किती’ विचारत होतो, ‘कुठून’ विचारायचं राहूनच गेलं होतं.

माहिती दडवली तर काय होतं? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण देवेंद्र फडणवीस यांचं. २०१४च्या प्रतिज्ञापत्रात दोन प्रकरणांचा उल्लेख नव्हता, म्हणून तक्रार झाली. न्यायालयाने दखल घेतलेलं पण आरोप निश्चित न झालेलं प्रकरण लिहावं लागतं का, असा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९मध्ये खटला चालवण्याचा मार्ग मोकळा केला आणि सप्टेंबर २०२३मध्ये नागपूरच्या न्यायालयाने फडणवीसांना निर्दोष ठरवलं. दुसऱ्या टोकाला अरुणाचलच्या तेझू मतदारसंघाचं प्रकरण आहे. एक किनेटिक झिंग स्कूटर, एक मारुती ओम्नी आणि एक टीव्हीएस स्टार सिटी मोटरसायकल दाखवली नाही म्हणून एका आमदाराची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली होती. गाड्या आधीच दुसऱ्यांकडे गेल्या होत्या, आरटीओच्या दफ्तरी नाव तेवढं राहिलं होतं. एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड कायम ठेवली आणि म्हटलं, की उमेदवारालाही खासगीपण आहे. कपडे, बूट, भांडीकुंडी यांची यादी देण्याची गरज नाही. निकाल मला पटतो. भांड्यांची यादी मागणारा मतदार जमिनीचा गट नंबर वाचायला विसरतो.

पण याहून मोठी विसंगती पुढेच आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. उमेदवार म्हणून दिलेली माहिती जगाला खुली. निवडून आल्यावर खासदाराने शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत मालमत्तेचं विवरण अध्यक्षांना किंवा सभापतींना द्यायचं असतं. ते मात्र गोपनीय. त्यांच्या लेखी परवानगीवाचून कुणाला मिळत नाही. म्हणजे सत्ता नसताना माणूस पारदर्शक, सत्ता आली की अपारदर्शक! राज्यसभेत निदान सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही तरी आहे: कुठल्या कंपनीत संचालक, कुणाचा सल्लागार, कुणाकडून मानधन. लोकसभेत तशी नोंदवही नाही. हितसंबंध लपवून प्रश्न विचारण्याचा प्रकार काही नवा नाही. १९५१मध्ये हंगामी संसदेतले मुंबईचे काँग्रेस सदस्य एच. जी. मुद्गल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन तिच्या बाजूने सभागृहात काम केल्याचं उघड झालं. हकालपट्टीचा ठराव स्वतः नेहरूंनी मांडला आणि चर्चा चालू असतानाच मुद्गल यांनी राजीनामा दिला. २००५च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना काढलं, तेव्हा छुप्या कॅमेऱ्याची मदत लागली होती.

सभागृहातली आणखी एक नोंद तर मुळात तयारच होत नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’चा गलका मोठा वाटला की विधेयक संमत. तुमच्या खासदाराने होय म्हटलं की नाही, तो तिथे होता तरी का, हे कामकाजाच्या छापील वृत्तांतातून कळत नाही. घटनादुरुस्तीसारख्या प्रसंगी मतविभागणी होते तेव्हाच नावं उमटतात. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात कोणी कुठे मत दिलं याच्या याद्या १८३६पासून अधिकृतपणे छापल्या जातात. वेस्टमिन्स्टरची पद्धत आपण घेतली, ही सवय तेवढी घेतली नाही.

आणि तरीही महाराष्ट्रातल्या वाचकाच्या हातात जे आहे ते थोडंथोडकं नाही. प्रतिज्ञापत्रात गावाचं नाव आणि गट नंबर असतो. तोच नंबर ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर टाकला की सातबारा समोर येतो: क्षेत्र, भोगवटादार, बोजा, फेरफार क्रमांक. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधता येतो आणि त्यात खरेदीखतातली रक्कम सापडते. रेडीरेकनरचे दर प्रसिद्ध असतात, तेव्हा उमेदवाराने लिहिलेला ‘अंदाजे बाजारभाव’ सरकारी दराच्याही खाली आहे का, हे पाहता येतं. कंपन्यांच्या संचालकांची नावं केंद्राच्या दफ्तरात आहेत, गृहप्रकल्पांच्या प्रवर्तकांची महारेराच्या. ही दफ्तरं वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी, एकमेकांचा विचारही न करता उघडी केली. त्यांना जोडणारा धागा म्हणून नमुना २६मधला तो गट नंबर पुरतो.

धागा कुठे तुटतो तेही माहीत असावं. कमावता मुलगा ‘अवलंबित’ नसतो. भाऊ, सून, जावई तर नसतातच. २०१९च्या प्रतिज्ञापत्रात असलेला गट २०२४च्या प्रतिज्ञापत्रात दिसत नसेल, तर उमेदवाराला खुलासा मागणारा रकाना नाही. सातबाऱ्यावर मात्र फेरफाराचा क्रमांक असतो, त्यावरून फेरफार निघतो, आणि जमीन कुणाला, कधी, विकून की बक्षीसपत्राने गेली, ते तलाठ्याने त्यात लिहिलेलं असतं.